बर्फाच्या हॉकीवाल्या हवालदारास

आनंदा, तुझ्या तेराव्याला मी भरल्या पानावरून उठलो. लोकांना वाटलं, मास्तरांच्या घशाखाली घास उतरत नाही. तुझे मेहुणे मागोमाग बाहेर आले आणि पाठीवर हात ठेवून म्हणाले, "असं करू नगा सर, त्येंच्या जिवाला बरं वाटायचं न्हाई." मला दुःख आवरत नव्हतं म्हणून मी उठलो नव्हतो. पंक्तीत कुणीतरी म्हणालं होतं, "हवालदारानं उभ्या जन्मात कुणाला दुखावलं न्हाई." ते ऐकून माझं डोकं फिरलं. मला दुखावलंस की. शाळेच्या बाकावर बसल्यापासून दुखावत आलास, आणि शेवटी मिरजेच्या दवाखान्यातल्या खाटेवरूनसुद्धा दुखावलंस.

तालीम मंडळाच्या अंकात तुझ्यावर चार शब्द लिहा, असं दिनकर म्हणाला. आपल्या संघाचा कप्तान म्हणून त्यानं सांगितलं, मी हो म्हटलं. पण मेलेल्या माणसाबद्दल जे गोड लिहायचं असतं ते माझ्या हातून उतरत नाही. म्हणून तुलाच लिहितो. बाकीच्यांनी वाचावं.

तू चांगला हॉकीपटू होतास हे मी कधी नाकारलं नाही. बाभळीच्या वाकड्या फांद्या तासून आपण दोघं खेळायला शिकलो. पुढं तू पलटणीत गेलास, मी शाळेत व्यायामशिक्षक झालो. तू रजेवर आलास की तालमीच्या कट्ट्यावर बसायचास आणि मी शिकवलेल्या पोरांच्या खेळाला नावं ठेवायचास. एरवी मला वसंता म्हणणारा तू, त्या वेळी मुद्दाम मास्तर म्हणायचास. "मास्तर, पोरं ग्वाड खेळत्यात. लगीनघरात नाचल्यावानी."

चीनच्या लढाईनंतर तुमची पलटण लडाखात गेली आणि तिथून तू ते खूळ घेऊन आलास. तळं गोठतं, जवान बुटांना लोखंडी पाती ठोकतात आणि बर्फावर हॉकी खेळतात, हे तू पहिल्यांदा सांगितलंस तेव्हा तालमीत कुणाचा विश्वास बसला नाही. तू ट्रंक उघडून झाकणाला आतून चिकटवलेलं चित्र दाखवलंस. साहेबांच्या मेसमधल्या जुन्या परदेशी मासिकातून ते फाडून आणलं होतंस. छातीला, गुडघ्याला गाद्या बांधलेले गोरे गडी, हातात लांब काठ्या, पायाखाली आरशासारखा बर्फ.

"ह्ये पगारी गडी हायेत," तू म्हणालास. "खेळायचा पगार. आन तो कलेक्टरापरीस जास्ती."

"खेळायचा पगार?" विट्याचा भगवान हसायला लागला. तो जालंधरला सोनं गाळायच्या दुकानात असायचा आणि येताना आपल्याला तिकडच्या काठ्या आणायचा. "मग आमी काय झक मारायला भट्टीपुढं बसतोय व्हय रं?"

"हस की. ह्यो खेळ एक दिवस सगळ्या जगात जाणार. मशीननं बर्फ करतील. साताऱ्याला अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला बर्फाचं मैदान हुईल, आन लोक तिकीट काढून बघतील."

"वैशाखात?"

"वैशाखात."

"आरं, वैशाखात आमचा गोळेवाला दुपारपातुर टिकत न्हाई, आन तुझं मैदान टिकणार!"

सगळी तालीम हसली. मी सगळ्यांत मोठ्यानं हसलो. ते तुला लागलं होतं, मी पाहिलं होतं.

आपल्या भाकणुकीची सुरुवात तिथूनच झाली. खंडेनवमीला घराघरांत हत्यारं पुजतात, आपण तालमीत हॉकीच्या काठ्या भिंतीला लावून पुजायचो. हळदकुंकू, झेंडू, नारळ. त्या वर्षी तू रजेवर होतास. बिरोबाच्या जत्रेत धनगर अंगात आल्यावर पुढच्या वर्षीच्या पावसापाण्याची भाकणूक सांगतात, तसा तू कपाळाला भंडारा फासलास, तलवारीच्या जागी काठी उचललीस आणि घुमायला लागलास. "ऐका गा ऐका! हॉकीचा खेळाडू खिल्लारी बैलावानी बाजारात इकंल! दावणीला गिऱ्हाइकं उभी ऱ्हातील! बर्फावरची हॉकी मातीवरच्या हॉकीला गिळंल!" पोरांना ऊत आला. दुसऱ्या वर्षी सगळ्यांनाच भाकणूक सांगायची होती. मग कोण काय म्हणालं यावरून भांडणं व्हायला लागली, म्हणून मी लिहून घ्यायची पद्धत पाडली. प्रत्येकानं आपली भाकणूक चिठ्ठीवर लिहायची, घडी करून पत्र्याच्या डब्यात टाकायची. डब्याच्या झाकणाला लाख लावून तो माझ्या कपाटात. पुढच्या खंडेनवमीला सगळ्यांसमोर फोडायचा. तोवर आपलं लिहिलेलं कुणी बोलायचं नाही. बोललं तर बाद. तू रजेवर नसलास की तुझी चिठ्ठी टपालानं यायची, जांभळ्या पेन्सिलीनं लिहिलेली.

तुझं सगळंच चुकायचं असं नाही, हीच माझी अडचण होती. रशियाचा संघ एक दिवस त्या पगारी खेळाडूंपुढं उभा राहील आणि त्यांचा घाम काढील, असं तू लिहिलंस. पुढं तसंच झालं. पगारी जिंकले, पण जेमतेम. पेपरात चार ओळी आल्या होत्या. डबा फोडल्यावर पोरांनी तुझ्या नावाचा गजर केला. मी म्हणालो, "त्याचा आपल्या मैदानाशी काय संबंध?" तुला न कळवता मी तेवढ्यावर तो विषय मिटवला.

तू पेन्शनीत आलास आणि खरी लढाई सुरू झाली. नदीकडच्या पट्टीत दुसरा माणूस ऊस लावता. तू तिथं खळं केलंस. साधं नव्हे, अर्ध्या मैदानाएवढं. माती भिजवून बैलांकडून तुडवून घेतलीस, धुमसानं ठोकलीस, वर शेणानं सारवलंस. गावातल्या बायका तुझ्या बायकोला, कमळवहिनींना विचारायच्या, "एवढं कसलं पीक आलंय गं, एवढं मोठं खळं?" वहिनी म्हणायच्या, "ह्येंच्या डोस्क्यात आलंय."

त्या खळ्यावर चेंडू थांबत नसे. तू माझ्या पोरांना तिथं न्यायला लागलास. काठीवर चेंडू खेळवायचा नाही, आला की द्यायचा आणि पळायचं, असं शिकवायला लागलास. मी ज्या दिनकरला सहा वर्षं मनगट कसं फिरवायचं ते शिकवलं, त्याला तू म्हणालास, "मनगाट घरी ठेवून ये." मी मैदानावर सगळ्यांसमोर सांगितलं, जो खळ्यावर जाईल त्याला संघात जागा नाही. पोरं गप्प माझ्याकडे आली. त्याच वर्षी मार्चमध्ये आपल्या देशानं विश्वचषक जिंकला. गवतावर, मनगटाच्या जोरावर. मी तालमीत पेढे वाटले आणि तुला दोन दिले.

तू ते खाल्लेस आणि म्हणालास, "ग्वाड हायेत. ह्ये शेवटचं."

असा होतास तू. माणसाच्या तोंडात पेढा असताना त्यात खडा टाकायचा.

त्या खंडेनवमीला तू डब्यात चिठ्ठी टाकताना माझ्याकडे बघून हसलास. पुढच्या उन्हाळ्यात ऑलिंपिक होतं. माझा तोल गेला. सगळ्या पोरांसमोर मी म्हणालो, "तुझी ही भाकणूक खरी ठरली तर संघ तुझा. मी मैदानात पाय ठेवणार नाही. खोटी ठरली तर तुझ्या खळ्यावर नांगर फिरवायचा."

"नांगर तुझाच आण, मास्तर. माझा मोडलाय."

ऑलिंपिकची बातमी आपण तालमीतल्या रेडिओवर ऐकली. गवत नव्हतं. त्या लोकांनी जमिनीवर गालिचा अंथरावा तसं काहीतरी कृत्रिम अंथरलं होतं आणि आपली माणसं त्यावर गोंधळली. पदक नाही. सातवा नंबर. पोरं रडली. तू कोपऱ्यात बसला होतास, पण तू हसला नाहीस. हसला असतास तर पुढचं मी कदाचित केलं नसतं. तू उठून नुसता माझ्या खांद्यावर हात ठेवलास. मला तो हात सहन झाला नाही.

आता जे लिहितो ते पहिल्यांदाच कागदावर येतंय.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नव्हतं. मी स्टोव्हवर सुरीचं पातं तापवून डब्याची लाख सोडवली. तुझी चिठ्ठी शोधावी लागली नाही, जांभळी पेन्सिल लगेच दिसली. तू लिहिलं होतंस: "ऑलिंपिक ज्या मुलखात आहे तिथं बर्फावर हॉकी खेळतात. त्यांना गवताचं कौतुक नाही. गुळगुळीत काहीतरी अंथरतील. आपल्याला पदक नाही. पोरांना आत्तापासून पळायला शिकवा."

पहिली चार वाक्यं मी गिळली असती. पाचवं वाचलं आणि अंगाची आग झाली. ते भाकीत नव्हतं, मला दिलेला सल्ला होता, आणि वर्षभर माझ्याच कपाटात पडून होता. चिठ्ठी मी पाण्याच्या पेटत्या बंबात टाकली. झाकणाला पुन्हा लाख लावली. त्याच पाण्यानं संध्याकाळी आंघोळ केली.

खंडेनवमीला डबा फुटला. दिनकर एकेक चिठ्ठी वाचत होता. सुवर्णपदक, सुवर्णपदक, सुवर्णपदक. माझीही तीच. शेवटी त्यानं डबा पालथा केला.

"हवालदार, तुमची कुठाय?"

तू डब्याकडे बघितलंस. मग माझ्याकडे. आनंदा, तुझी नजर माझ्यावर किती वेळ होती मला सांगता येणार नाही. मी भिंतीला लावलेल्या काठ्या मोजत होतो. तू म्हणालास, "टाकायची ऱ्हायली."

"ऱ्हायली? आवं, एवढा दंगा केला आन टाकायचीच ऱ्हायली?" कुणीतरी म्हणालं. भगवान म्हणाला, "बर्फ वितळला रं हवालदाराचा!" आणि पोरं हसली. तू सगळ्यांबरोबर हसलास, पायताण घातलंस आणि गेलास. तालमीत परत आला नाहीस.

इथं मला तुझा सगळ्यांत जास्त राग आहे. तुला चिठ्ठी टाकताना मी पाहिलं होतं, आणखी एकदोघांनी तरी पाहिलं असणार. तू एकदा "मी टाकली होती" म्हणाला असतास तर पुरे होतं. मी कबूल झालो असतो, किंवा तुझ्या अंगावर धावून गेलो असतो, काहीतरी झालं असतं. तू खोटं बोललास. माझ्यासाठी खोटं बोललास, आणि वरून सगळ्या गावाचं हसणं अंगावर घेतलंस. तुला वाटलं असेल, वसंता एक दिवस आपणहून येईल. मी आलो नाही. तू मला सोडवलंस असं तुला वाटलं असेल, तर तसं झालं नाही. चोराला चोर म्हणणारा माणूस समोर असला की भांडता तरी येतं.

दोन वर्षं मी शाळेच्या मैदानावर मनगटं फिरवायला शिकवत राहिलो. सांगलीच्या स्पर्धेत साताऱ्याच्या संघानं आपल्याला दोनदा पळवून पळवून हरवलं. दिनकर एका पलटणीच्या खेळाडू-भरतीच्या चाचणीला गेला आणि दोन दिवसांत परत आला. "काय म्हणाले?" मी विचारलं. "म्हणाले, हात चांगला हाय. पर चेंडू लय येळ जवळ ठेवतोस." तो सहज बोलला. आता त्याचं भरतीचं वय निघून गेलंय. तो पलूसला खताच्या दुकानात पोती उतरवतो. त्या रात्री मी जेवलो, झोपलो, सकाळी शिट्टी घेऊन मैदानावर गेलो. हेही लिहून ठेवतो.

तू मिरजेला दवाखान्यात आहेस कळल्यावर मी सांगायलाच आलो होतो. एस.टी.त बसून वाक्यं जुळवली होती. तू खाटेवर नुसता हाडांचा राहिला होतास. वहिनी औषध आणायला खाली गेल्या. मी स्टूल ओढलं. म्हणालो, "आनंदा, एक बोलायचं होतं."

"बोल की. पर आदी ह्ये सांग, त्या पगारी लोकांचं काय झालं? पेपरात काय येतंय का?"

"कुठले पगारी?"

"बर्फावरचं रं. त्येंच्यात म्हणं आता परमुलखातनं गडी इकत घ्यायला लागल्यात. मी म्हणालोच हुतो. उद्या आपलं बी इकतील. आपल्या पोरांस्नी इकत घ्यायला गिऱ्हाईक येईल, मास्तर, पर तुझ्या पोरांस्नी न्हाई. तुझी नाचणारी हायेत."

मरायला टेकलेल्या माणसावर ओरडू नये. मी ओरडलो. म्हणालो, तुझं एक तरी बर्फाचं मैदान दाखव, कुठाय ते अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला, आयुष्यभर लोकांना खुळ्यात काढलंस. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला. तू डोळे मिटून ऐकलंस. मग म्हणालास, "वसंता, भांडायला आला न्हाईस तू. काय सांगायला आलास ते मला ठावं हाय."

मी स्टूल मागं सरकवलं.

"पर तू सांगणार न्हाईस. मलाबी न्हाई, पोरांस्नीबी न्हाई. ही माजी शेवटची भाकणूक. लिहून घे पायजे तर."

वहिनी जिना चढून वर आल्या. मी उठलो. "येतो," म्हणालो. तू डोळे उघडले नाहीस. आठ दिवसांनी तू गेलास.

गेल्या रविवारी मी पोरांना तालमीत बोलावलं. तुझ्या शोकसभेला बोलावलंय असं त्यांना वाटलं, दिनकरनं हार आणला होता. मी उभा राहून सगळं सांगितलं. लाख, सुरी, बंब, तुझी पाच वाक्यं जशीच्या तशी. ती मला पाठ आहेत. पैजही सांगितली, पण ती कुणी विसरलं नव्हतं. भगवान विट्याहून आला होता. तो मान खाली घालून बसला, त्याला आपलं ते बर्फ वितळल्याचं बोलणं आठवत असावं. मी म्हणालो, आजपासून संघ माझ्याकडे नाही. दोन वर्षांपूर्वीच नव्हता.

मग दिनकर उभा राहिला. तो माझ्यावर चिडेल, शिव्या देईल, असं धरून मी तयारीत होतो. त्या खंडेनवमीचा तुझा शांतपणा त्याच्यात कधी आला कुणास ठाऊक.

"सर, एक इचारू?"

"विचार."

"चाचणीत माजं काय चुकलं ते तुमाला तवाच म्हाईत हुतं?"

आनंदा, इथं तू असतास तर काहीतरी बोलून मला सोडवलं असतंस. टाकायची ऱ्हायली, असं काहीतरी. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं.

"व्हय," मी म्हणालो. "तू सांगितलंस तवाच कळलं. त्याच्या आधीबी म्हाईत हुतं."

दिनकरनं मान हलवली, हार तिथंच बाकावर ठेवला आणि बाहेर गेला. बाकीची पोरं त्याच्यामागून गेली. मला कुणी वाईट बोललं नाही, नमस्कारही केला नाही.

सांगून टाकलं की मोकळं वाटतं, असं लोक म्हणतात. मला नाही वाटलं. आज चार दिवस झाले, वाटत नाही. तुझी एक भाकणूक मी खोटी पाडली, त्याचाही आनंद झाला नाही, कारण ज्याला तोंडावर सांगायचं तो नाही. काल संध्याकाळी मी मैदानाच्या बाहेर बाभळीखाली उभा राहून पोरांचा खेळ बघितला. दिनकर शिकवतो. चेंडू कुणाजवळ थांबत नाही, कुणी मनगट फिरवत नाही, नुसती पळापळ. दिसायला वाईट दिसतं ते. तू बरोबर होतास, पण ते हॉकी नाही, आनंदा, हे मी अजून मानतो. दिनकरला सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.